पहिल्या रांगेतला आवाज

(इझुमोचा विमानतळ. फेब्रुवारीतली दुपार. कर्मचाऱ्यांच्या मागच्या खोलीत तिघं जण : कॅप्टन चिझुरु, तिचे वडील योशित्सुगु आणि हवाई सेविका हामाबे.)

योशित्सुगु : आधी मला त्या आजींकडे जाऊ दे. बाकी सगळं नंतर.

चिझुरु : गेल्या त्या, बाबा. जावई गाडी घेऊन आला होता, घेऊन गेला.

योशित्सुगु : गेल्या? अगं, ओठातून रक्त येत होतं त्यांच्या!

हामाबे : थांबलं हो रक्त. बर्फ लावला मी. कवळीचे मात्र दोन तुकडे झाले. रुमालात बांधून दिले मी त्यांच्या हातात, तर त्या मलाच म्हणतात, तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा. तोंडावर हात धरून वाकल्या माझ्यापुढे. सत्त्याहत्तर वर्षांची बाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

योशित्सुगु : नाव, पत्ता काही घेतलाय का?

चिझुरु : ऑफिसकडे आहे. मागाहून जा तुम्ही भेटायला, नक्की जा. आता बसा.

योशित्सुगु : मी उभा बरा आहे.

चिझुरु : बसा म्हणते ना.

योशित्सुगु : हं. बसतो.

हामाबे : चहा घ्या, थोरले कॅप्टन. डब्यातला आहे, पण गरम आहे.

योशित्सुगु : थोरले?

हामाबे : मग काय म्हणू? दोन-दोन कॅप्टन कजिवारा बसलेत माझ्यापुढे. ही माझी कॅप्टन, तुम्ही तिचे वडील. दहा वर्षं ऐकतेय तुमच्याबद्दल. एकतीस वर्षं मोठं विमान, मागे साडेतीनशे माणसं, आज होनोलुलू, उद्या लंडन. मी कॅप्टनला म्हणायची, एकदा दाखवा हो मला हा माणूस. आज दिसला. सीट एक-सी.

चिझुरु : हामाबे-सान.

हामाबे : बडबडतेय म्हणून धड आहे, कॅप्टन. गप्प बसले तर रडायला लागेन, आणि मग तुम्हालाच माझी समजूत काढावी लागेल.

चिझुरु : बरं, ऐका. परतीचं विमान तीन-वीसला आहे. को-पायलट निशिगाकी आणि मेकॅनिक बाहेर चाकं आणि ब्रेक तपासताहेत. तेवढ्यात आपण बैठक उरकायची आणि मग मी ऑफिसला अहवाल पाठवायचा. प्रवाशाला लागलंय, त्यामुळे अहवाल काही टळत नाही. तो वाचून ते ठरवतील, परतीचं विमान मी न्यायचं की दुसरा कॅप्टन बोलवायचा.

योशित्सुगु : बैठक प्रत्येक फेरीनंतर घेता?

चिझुरु : प्रत्येक. आपली चूक आपणच सांगायची, दुसऱ्याची काढायची नाही. कोणी मध्ये बोलायचं नाही. आणि कॅप्टन सगळ्यात शेवटी. म्हणजे तिचं ऐकून बाकीचे आपलं बोलणं फिरवत नाहीत.

योशित्सुगु : आमच्याकडेही होती. मी शेवटी म्हणायचो, ‘आज सगळं उत्तम झालं, दमला असाल, जा आता.’

चिझुरु : माहितीये. घरी येऊनही तेच म्हणायचात.

योशित्सुगु : पण मी कशाला ह्यात? मी तिकीट काढून बसलेला माणूस.

चिझुरु : ओरडलात ना? मग आहात तुम्ही ह्यात.

हामाबे : मी सुरुवात करते. नाहीतर तुम्ही बापलेक इथेच जुंपाल. तर, मी माझ्या सीटवर. पाठीमागे कॉकपिटचं दार, तोंड प्रवाशांकडे. तळं संपत आलं होतं. वारा डावीकडून ढकलत होता, विमान डुलत होतं, पण ते काय, फेब्रुवारीत शिंजी तळ्यावरून येताना रोजचंच आहे. थोरले माझ्यापासून हातभर लांब. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मांडीवर ठेवलेले हात आपले हलताहेत! उजवा पुढे-मागे, डावा जरासा वळतोय. मनातल्या मनात विमान उतरवत होते.

योशित्सुगु : मी? हात हलवत होतो?

चिझुरु : मध्ये बोलायचं नाही.

हामाबे : मला हसूच आलं. म्हटलं, माणूस निवृत्त झाला तरी हात काही निवृत्त झालेले नाहीत. आणि एकदम हे ओरडले, ‘ओढ! वर ओढ!’ कॅप्टन, प्रवासी घाबरला की ‘आई गं’ म्हणतो, कधी नुसता किंचाळतो. हे तसं नव्हतं. हा हुकूम होता. बावीस वर्षं मला घोटून घोटून शिकवलंय की असा हुकूम कानावर पडला की विचार करत बसायचं नाही. नाही केला मी विचार. ओरडले, ‘डोकं खाली! डोकं खाली!’ आणि एकाहत्तर डोकी एका दमात खाली गेली. एकाहत्तर माणसांना मी सांगितलं की आता तुमचं काही खरं नाही. आणि विमानाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं! पाचव्या रांगेतला एक माणूस वाकल्या वाकल्या बायकोला म्हणाला, ‘ते मीच फोडलं होतं.’ काय फोडलं होतं देव जाणे. उतरताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. आता घरी काय चाललं असेल! तर माझी चूक ही. कॉकपिटमधून काही सूचना नव्हती, दिवा पेटलेला नव्हता. मी एका प्रवाशाच्या आवाजावर हुकूम दिला. झालं माझं.

चिझुरु : बाबा, तुम्ही.

योशित्सुगु : कुठून सुरुवात करू?

चिझुरु : जिथून तुम्हाला वाटतं तिथून.

योशित्सुगु : मग ओसाकापासूनच करतो. विमान सुटलं तेव्हा मला हसू आलं. माझं विमान पट्टीवर आधी बराच वेळ विचार करायचं, मग उठायचं. हे म्हणजे पाठ सीटला टेकली आणि आपण वर! मी मनात म्हटलं, खेळणं आहे. हे तुला आवडणार नाही.

चिझुरु : खेळणं तर तुम्ही अकरा वर्षं म्हणताय. पुढे?

योशित्सुगु : मग ढग लागले. मोठं विमान ढगाला जुमानत नाही, दोनशे टन वजन असतं, ढगच बाजूला होतो म्हण ना. तुझं हे प्रत्येक ढगाला उत्तर देत होतं. दिला एक धक्का, दिला एक धक्का. माझ्या समोरच्या बाई म्हणाल्या... नाही, त्या हामाबे-सानच होत्या.

हामाबे : मी म्हटलं, बसचा पट्टा धरल्यासारखे का बसलात?

योशित्सुगु : हो. तर मग मी लक्ष देऊन बघायला लागलो. म्हणजे पाठीने बघायला लागलो. तू पंख सरळ करत होतीस ते मला कळत होतं. मोठ्या विमानात दांडा वळवायचा, मनात एक, दोन म्हणायचं, मग ते वळायला लागतं. त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. तुझं तर तू मनात आणलंस की वळत होतं. इतकं हलकं. आणि तू ते हलकेच धरलं होतंस, नाहीतर आम्ही सगळे इकडून तिकडे पडलो असतो. चिझु, खरं सांगतो, मला हेवा वाटला. माझ्याच मुलीचा. मग म्हटलं, सोमवारपासून आपल्यालाही हिच्याच कंपनीत हेच विमान मिळणार आहे.

चिझुरु : उतरताना काय झालं ते सांगा.

योशित्सुगु : डोळे मिटले होते मी. नेहमीच मिटतो. वर्षभर घरी बसलोय, झोप येत नाही तेव्हा डोळे मिटून उतरवतो विमान. हानेदाला, कधी लंडनला. सगळं बरोबर चाललं होतं. इंजिनाचा आवाज उतरला. म्हटलं, आता नाक वर. आता. आता! नाक वर आलं नाही. म्हणून डोळे उघडले. शेजारची सीट रिकामी होती, खिडकी सरळ दिसत होती. खिडकीत गवत होतं. गवताची पाती मोजता आली असती, चिझु! एकतीस वर्षांत मी पाती दिसेपर्यंत कधी खाली आलेलो नाही. माझं डोकं तिसऱ्या मजल्यावर असायचं. मला तिथून पाती दिसली तर माझी चाकं केव्हाच जमिनीत घुसलेली असणार. मला वाटलं, ही विसरली. माझी पोर ओढायचं विसरली.

हामाबे : अरे देवा.

योशित्सुगु : मी ओरडायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मलाच कळलं की हा माझा आवाज आहे.

चिझुरु : तेव्हा माझी चाकं किती उंच होती, माहितीये? यंत्र ‘वीस फूट’ म्हणालं होतं. ‘दहा’ अजून म्हणायचं होतं. मी ओढणारच होते, पण जरासं, आणि आणखी खाली गेल्यावर. ह्या विमानात आपण बसतोच जमिनीजवळ, त्यामुळे सगळं जवळ दिसतं. पहिल्या वर्षी मलाही धडकी भरायची. तीस फुटांवर ओढलं की हे हलकं पोरगं हवेत तरंगतं, वेग निघून जातो आणि मग बदकन पडतं. तुमच्याकडे वजन होतं. ते तुम्हाला पुढे नेत राहायचं. माझ्याकडे ते नाही.

योशित्सुगु : म्हणजे दांडा माझ्या हातात असता तर...

चिझुरु : तीसला ओढला असता तुम्ही.

योशित्सुगु : तीसला. किंवा चाळीसला. हो. हात ऐकलेच नसते माझं.

हामाबे : पण थोरल्यांना ते तिथे शिकवतीलच की. सोमवारपासून शाळाच आहे त्यांची. सगळे मोठ्या विमानावरून येणारे शिकतात.

योशित्सुगु : हो, शिकवतात. त्याचसाठी तर... चिझु, एक गोष्ट मात्र मला कळली नाही. तू इतकी नीट येत होतीस, मग पट्टीवर इतकी पुढे का गेलीस? वाऱ्याने उचललं का?

चिझुरु : आता माझी पाळी.

योशित्सुगु : विचारतोय तेवढं सांग. वारा होता ना?

चिझुरु : वारा होता. पण वाऱ्याने नाही उचललं. मी ओढलं.

हामाबे : कॅप्टन?

चिझुरु : मी ओढलं, हामाबे-सान. वीस फुटांवर. दोन बोटं मागे. नाक वर गेलं आणि आम्ही तरंगलो.

योशित्सुगु : का?

चिझुरु : तुम्ही म्हणालात म्हणून.

योशित्सुगु : काय बोलतेस तू! दार बंद होतं. कानावर हेडफोन होते. माझ्या विमानात मागे कोणी ढोल बडवला असता तरी...

चिझुरु : तुमच्या विमानात. इथे एक-सीपासून माझ्या सीटपर्यंत तीन पावलं आहेत. इंजिन गप्प होतं. आवाज आला. आधी मला शब्द कळले नाहीत, बाबा. हाताला कळले. नववर्षाला आपण समुद्रावर पतंग उडवायचो आठवतंय? तुम्ही माझ्या मागे उभे राहून ओरडायचात, ओढ, ओढ आता! आणि मी ओढायची. कधी विचारलं नाही का ओढू म्हणून. तसंच झालं. आठ वर्षांची असल्यासारखा हात गेला माझा.

योशित्सुगु : नाही.

चिझुरु : अर्धा सेकंद. निशिगाकी म्हणाला, ‘कॅप्टन?’ तेवढंच म्हणाला. तेवढ्यात वाऱ्याने डावा पंख उचलला. खरं तर तिथेच इंजिन पूर्ण देऊन परत वर जायला हवं होतं, ते मी केलं नाही, ही दुसरी चूक. मी पंख सरळ केला, नाक सोडलं, जरा शक्ती दिली आणि बसवलं. पण चारशे मीटर पुढे. पट्टी ओली, दोनच किलोमीटरची, आणि तिच्यापुढे थांबायला जागा नाही. ब्रेक जोरात दाबावा लागला. तेव्हा आजींनी नेमकं डोकं वर केलं होतं. कवळी माझ्या हाताने फुटली. तुमच्या ओरडण्याने नाही.

योशित्सुगु : अर्धा सेकंद.

चिझुरु : झालं माझं.

हामाबे : मी दहा वर्षं तुमच्याबरोबर उडतेय, कॅप्टन. वादळात विमान डोलत असताना तुम्ही आतून मला विचारलंय की डब्यात काय आणलंत. आणि तुम्ही...

चिझुरु : मलाही पटत नाहीये. पण हात माझाच होता.

हामाबे : बरं. बरं, मग मी एक बोलते, बैठक संपलीय ना? तर ऐका. यंत्रात नोंद झालीय ती दांडा मागे गेल्याची. का गेला ते यंत्राला माहीत नाही. वारा होता, हे अख्ख्या इझुमोला माहितीये. झोका आला, कॅप्टनने दांडा मागे घेतला, लांब उतरली. एक प्रवासी घाबरून ओरडला, मी चुकून हुकूम दिला. माझं जे व्हायचं ते होऊ दे, चार दिवस मला वर्गात बसवतील, बसेन. पण प्रवासी कोण होता हे अहवालात विचारत नाहीत. नाव लिहीतच नाहीत. सोमवारी थोरले जातील शाळेत, संपलं.

चिझुरु : निशिगाकीने ऐकलंय.

हामाबे : निशिगाकी-कुनने ‘ओढ’ ऐकलं. कोणाचं, हे त्याला काय माहीत? थोरल्यांना ओळखतो कुठे तो?

योशित्सुगु : वारा लिहिलास तर तुझं काय होईल?

चिझुरु : काही नाही. लांब उतरली, ओली पट्टी, वारा. एक दिवस चौकशी. फार तर सराव यंत्रात दोन तास.

योशित्सुगु : आणि खरं लिहिलंस तर?

चिझुरु : कॅप्टन मागून आलेल्या आवाजावर दांडा ओढते, असं लिहिलं तर? मला उडू देणार नाहीत, खाली बसवतील. किती दिवस ते माहीत नाही. मानसिक तपासणी, परत परीक्षा. मी असते तर मीही बसवलं असतं.

योशित्सुगु : मग वारा लिही.

चिझुरु : बाबा?

योशित्सुगु : खोटं कुठे आहे? वारा होताच. लिही आणि पाठव. तुझ्या आईने सोमवारसाठी चार सदरे इस्त्री करून ठेवलेत. गणवेशाचं माप दिलंय. अकरा महिने मी घरात पडदे उघडतो आणि पडदे लावतो, चिझु. तुझी आई मला सकाळी सांगते, आज बाजारात जाऊन या. मी बाजारात जातो आणि मुळे घेऊन येतो. मला परत वर जायचंय. एवढंच मागतोय.

हामाबे : मी... मी केबिन बघून येते. चादरी मोजायच्यात. म्हणजे खरंच मोजायच्यात.

चिझुरु : जा. दार लोटून घ्या.

योशित्सुगु : चांगली बाई आहे.

चिझुरु : हो. तुमच्याइतकीच घाबरलीय.

योशित्सुगु : तू लिहीत का नाहीस?

चिझुरु : लिहिते. ‘वाऱ्याच्या झोक्याने...’ काय लिहू पुढे? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते लिहिते मी.

योशित्सुगु : असं का बोलतेस?

चिझुरु : कसं बोलतेय? तुम्ही ओढ म्हणालात, ओढलं. आता वारा लिही म्हणताय, लिहिते. पस्तीस वर्षांची झाले. दोन वर्षं कॅप्टन आहे. पट्टीवरून बाहेर येऊन विमान थांबवलं ना, तेव्हा निशिगाकी माझ्याकडे बघत होता आणि मी स्वतःच्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, हा कोणाचा हात आहे?

योशित्सुगु : चिझु.

चिझुरु : आयुष्यात मला इतका धक्का कधी बसला नव्हता. वादळाने नाही बसला, इंजिन बंद पडलं तेव्हा नाही बसला.

योशित्सुगु : तुझं इंजिन बंद पडलं होतं? केव्हा?

चिझुरु : चार वर्षांपूर्वी. एक. दुसऱ्यावर उतरवलं.

योशित्सुगु : घरी सांगितलं नाहीस.

चिझुरु : ‘आज सगळं उत्तम झालं’ म्हणाले. तुमच्याकडूनच शिकलेय.

योशित्सुगु : हं. मला तो चहा दे जरा. गार झाला तरी दे.

चिझुरु : घ्या.

योशित्सुगु : शाळेनंतर आम्हाला सहा महिने उजव्या सीटवर बसवतात. कोणाही कॅप्टनच्या शेजारी. तुमच्याकडे कॅप्टन आहेत किती?

चिझुरु : तेवीस.

योशित्सुगु : म्हणजे तुझ्या शेजारी येणारच.

चिझुरु : सांगून टाळता येतं. नातेवाईक एकत्र नकोत म्हणून अर्ज करता येतो.

योशित्सुगु : सीट टाळता येते. मी ऑफिसात असेन. रेडिओवर असेन. तू पट्टीवर येत असताना मी खाली पट्टीबाहेर थांबलेल्या विमानात बसून तुझ्याकडे बघत असेन, आणि तुला माहीत असेल की मी बघतोय. खरं सांग. मी बाजूच्या सीटवर बसलोय. दांडा तुझ्याकडे आहे. वीस फूट. मी काही बोललो नाही, नुसता श्वास जोरात आत घेतला. काय करशील?

चिझुरु : आजच्या आधी विचारलं असतंत तर हसले असते.

योशित्सुगु : आज विचारतोय.

चिझुरु : ओढेन. ओढेन, बाबा. बहुतेक. मला माहीत नाही. कळलं ना आता? मला माहीत नाही, हेच भयंकर आहे.

योशित्सुगु : मागे एकाहत्तर माणसं बसलेली असतील.

चिझुरु : शहात्तर. विमान भरलेलं असेल तर.

योशित्सुगु : खोड ते. वारा खोड.

चिझुरु : नीट विचार करा. एकदा गेलं की परत घेता येत नाही.

योशित्सुगु : खोड म्हणतो... नाही. खोडावंस असं मला वाटतं. काय करायचं ते तू ठरव.

चिझुरु : खोडलं. ‘पहिल्या रांगेतल्या प्रवाशाच्या आवाजाने कॅप्टनचं लक्ष विचलित होऊन...’

योशित्सुगु : हे तर आणखी खोटं आहे. प्रवाशाच्या आवाजाने तू ओढलंच नसतंस. एखादा परका माणूस तिथे गळा फाटेपर्यंत ओरडला असता तरी तू दहा फुटांवर अलगद उतरवलं असतंस. त्यांना वाटेल, ही कोणाच्याही ओरडण्याने बिथरते. तसं नाहीये.

चिझुरु : मग काय लिहू?

योशित्सुगु : बाप लिही.

चिझुरु : ते विचारतील, बाप कोण.

योशित्सुगु : नाव लिही. वय एकसष्ट, मोठ्या विमानाचा कॅप्टन, सोमवारी तुमच्याच शाळेत दाखल होणार होता. उंची चुकली त्याची. आठ-नऊ मीटरने चुकली.

चिझुरु : तुम्हाला घेणार नाहीत मग ते.

योशित्सुगु : घेऊ नयेच. मी त्यांच्या जागी असतो तर नसतं घेतलं.

चिझुरु : तुम्ही शिकाल बाबा. दोन महिन्यांत हात बदलतील तुमचे. मी बदललेत ना माझे, तुम्ही तर...

योशित्सुगु : माझे बदलतील गं. तुझे नाही बदलायचे. मी जवळ असलो की नाही बदलायचे. दुसरी एखादी कंपनी बघीन. होक्काइदोला आहे एक, त्यांची पंख्याची विमानं आहेत. नाहीतर मुळे आणीन. तुझ्या आईला मुळे आवडतात.

चिझुरु : हसवू नका. आत्ता नको.

योशित्सुगु : हसवत नाहीये. वाईट वाटतंय मला. खूप वाईट वाटतंय. ते सदरे बघून आणखी वाटेल. पण आज मी तुझ्या मागे बसलो, आणि तू त्या वाऱ्यात विमान किती हलकं धरलं होतंस ते मी पाठीने बघितलं. ते बघितल्यावर मी त्यात हात घालू?

चिझुरु : परतीच्या विमानात तुम्हाला घेता येणार नाही मला. मी नेणार असेन तर.

योशित्सुगु : माहीत आहे. तुझ्या जागी असतो तर असल्या प्रवाशाला मी दारातूनच परत पाठवलं असतं. मी रेल्वेने जाईन. तिची चाकं कायम जमिनीलाच असतात. आधी त्या आजींकडे जाऊन येतो, मग रात्री ओसाका.

चिझुरु : दातांचा डॉक्टर मी बघते. तुम्ही फक्त माफी मागा.

योशित्सुगु : लिहून झालं?

चिझुरु : झालं.

योशित्सुगु : वाच.

चिझुरु : ‘जमिनीपासून वीस फुटांवर असताना पहिल्या रांगेतून ओढण्याचा हुकूम ऐकू आला. कॅप्टनने तो पाळला. अर्धा सेकंद. आवाज कॅप्टनच्या वडिलांचा होता. विमान, वारा आणि सहकारी यांच्याकडून काहीही चूक नव्हती.’ खाली तुमचं नाव.

योशित्सुगु : हामाबे-सानची चूक नव्हती हे बरं लिहिलंस.

चिझुरु : ती नाकारेल. पण लिहिलंय.

योशित्सुगु : तीनला पाच कमी आहेत.

चिझुरु : हो.

योशित्सुगु : पाठवत नाहीस?

चिझुरु : बोट जात नाहीये.

योशित्सुगु : मी दाबू?

चिझुरु : नको. आणि ‘दाब’ असंही म्हणू नका. तुम्ही काही न बोलता मला ते दाबायचंय.

योशित्सुगु : बरं. मी बाहेर जाऊन उभा राहतो.